पायलटची तपासणी फुंकरीवर थांबत नाही

प्रश्न : विमान उडवण्याआधी पायलटला नळीत फुंकायला लावतात, हे ठाऊक आहे. पण गांजा-कोकेनसारखी नशा फुंकून कळते का? आणि साधं खोकल्याचं औषध घेतलेला पायलटही त्यात अडकतो का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : फुंकून कळते ती फक्त दारू. आपल्याकडे उड्डाणाआधी १२ तास मद्य वर्ज्य आहे आणि यंत्रावरचा आकडा शून्यच लागतो. बाकीच्या नशेसाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) ३१ जानेवारी २०२२ पासून लघवीची तपासणी लागू केली. तिच्यात गांजा, कोकेन, अफूपासूनचे पदार्थ, अँफेटामाइन, बार्बिच्युरेट आणि बेंझोडायझेपीन हे सहा गट शोधतात. वर्षाला किमान १० टक्के पायलट आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांची अशी अचानक तपासणी व्हावी लागते.

दोन्हींत मोठा फरक आहे. श्वासातली दारू काही तासांत ओसरते, म्हणून फुंकर आत्ताची स्थिती सांगते. गांजाचे अंश मात्र लघवीत काही दिवस राहतात, रोज ओढणाऱ्याच्या तर काही आठवडे. त्यामुळे लघवीवरून ‘घेतलं होतं’ एवढं कळतं, ‘आत्ता अंमलाखाली आहे’ हे कळत नाही.

मग त्यावरून कामावरून दूर करणं अन्याय नाही का? मला तसं वाटत नाही. १९ जानेवारी १९८८ रोजी अमेरिकेत कोलोरॅडोतल्या दुरँगोजवळ ट्रान्स-कोलोरॅडो कंपनीचं छोटं विमान उतरताना कोसळलं. १७ पैकी ९ जण गेले. विमान सहवैमानिक चालवत होता. त्याच्यावर लक्ष ठेवणं हे कॅप्टनचं काम. कॅप्टनच्या शरीरात कोकेनचे अंश सापडले आणि त्याची कामगिरी त्यामुळे खालावली होती, असा निष्कर्ष तपास यंत्रणेने काढला. आधी घेतलेली नशा नंतरच्या उड्डाणातही अशी भोवते.

आता खोकल्याचं औषध. त्यात कोडीन असेल तर ते अफूच्याच कुळातलं. पहिल्या चाचणीत खूण उमटू शकते. तसं झालं की त्या व्यक्तीला लगेच कामावरून बाजूला करतात आणि प्रयोगशाळेत पक्की चाचणी होते. तिच्यात नेमका पदार्थ कळतो, म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवावी. काही सिरपमध्ये अल्कोहोलही असतं, ते फुंकताना गोत्यात आणू शकतं. अल्कोहोल असलेला माउथवॉशसुद्धा पायलटांना मना आहे.

मला जास्त काळजी वाटते ती सर्दीच्या साध्या गोळीची. तिच्यातलं क्लोरफेनिरामाइन या सहा गटांत बसतच नाही, पण झापड मात्र चांगलीच आणते. तपासणी निर्दोष आणि पायलट पेंगुळलेला, हे सहज घडू शकतं. तिथे उपाय एकच : पायलटने स्वतःहून ‘आज मी उडणार नाही’ म्हणणं, आणि कंपनीने ते निमूट मान्य करणं.

शिक्षेची उतरंडही मला याच कारणाने पटते. अमली पदार्थांसाठी पहिल्यांदा सापडलेल्याला व्यसनमुक्तीच्या उपचारांना पाठवतात. दुसऱ्यांदा ३ वर्षं लायसन्स निलंबित, तिसऱ्यांदा कायमचं रद्द. पहिल्याच फटक्यात पोट मारलं असतं, तर मदत मागायला कुणी पुढेच आलं नसतं.