पडद्यावरची प्रयोगशाळा

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने प्रयोगशाळेविषयी का लिहावे, असे विज्ञानशाखेचे मित्र विचारतील. त्याचे कारण आमच्या शेजारी राहते. मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली तेव्हा खेरवाडीतली आमची शेजारची ताई बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. महाराष्ट्रातील महाविद्यालयांची दारे दुसऱ्या लाटेनंतर ऑक्टोबर २०२१ मध्ये पुन्हा उघडू लागली. दरम्यान तिचे रसायनशास्त्राचे प्रॅक्टिकल घरातल्या एकुलत्या एक मोबाईलवर, तेही वडील कामावरून परतल्यावर, होई. निरीक्षणांचे आकडे तयारच येत; जर्नलात उतरवायचे आणि गणित करायचे. जर्नल सुरेख झाले, पण ब्युरेटची तोटी काही तिने फिरवली नव्हती.

वास्तविक ही कल्पना टाळेबंदीत जन्मलेली नाही. माहिती-तंत्रज्ञानाद्वारे शिक्षण देण्याचे केंद्र सरकारचे राष्ट्रीय अभियान २००९ साली सुरू झाले. त्यातील 'व्हर्च्युअल लॅब्ज' या विनामूल्य प्रकल्पात दिल्लीच्या आयआयटीबरोबर आपली पवईची आयआयटीही आहे. प्रयोगाची मांडणी समजून घेण्यास, प्रत्यक्ष जाण्यापूर्वी उजळणी करण्यास तो उत्तम, असे माझे मत आहे. जे प्रयोग धोक्याचे अथवा महाग, त्यांना तर दुसरा पर्यायच नसतो.

पण अनुमापन घ्या. शंकुपात्रात आम्ल, त्यात फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब. वरून सोडियम हायड्रॉक्साइड सोडायचे. फिकट गुलाबी छटा टिकली की थांबायचे. एक थेंब जास्त पडला तर रंग गडद होतो आणि सारे पुन्हा करावे लागते. ब्युरेटवर ०.१ मिलिलिटरच्या खुणा असतात आणि डोळा पातळीत नसला तर वाचन चुकते. तयार आकड्यांत यातले काहीच उरत नाही.

मग घरी बसून प्रयोग होतच नाहीत काय? इंग्लंडच्या ओपन युनिव्हर्सिटीचे अध्यापन १९७१ साली सुरू झाले, तेव्हापासून ती विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना प्रयोगसाहित्याची पेटीच घरी पाठवी. आपल्याकडे प्रत्येकाला पेटी देण्याइतका पैसा कोठून येणार, हा प्रश्न रास्त आहे. परंतु लंबकाला पेटी लागत नाही. दाराच्या चौकटीला खिळा, खिळ्याला धागा, धाग्याला कुलूप. खिळ्यापासून कुलपाच्या मध्यापर्यंत १ मीटर ठेवा. एक आंदोलन सुमारे २ सेकंदांचे होते. मोबाईलचे घड्याळ दाबताना बोटाची ०.२ सेकंदाची चूक झाली तर तो दहावा हिस्सा झाला. २० आंदोलने मोजा. वेळ सुमारे ४० सेकंद, आणि तीच चूक दोनशेवा हिस्सा. आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत हे मी करून पाहिले आहे. फक्त त्या वेळी दारातून कोणी ये-जा करता कामा नये, आणि ते आमच्याकडे रात्री अकरानंतरच जमते.