रात्रीच्या खाण्याबद्दल, तुझ्या ताईकडून

अगं, काल फोनवर मी मध्येच गप्प होत होते ते रागाने नव्हे. एवढं सगळं पोरीने एकटीने कसं रेटलं, हाच विचार चालला होता. रात्री खाऊन उलटी काढण्याला तू ‘घाणेरडी सवय’ म्हणालीस. सवय नव्हे, आजार आहे तो. बुलिमिया म्हणतात. लंडनच्या जेराल्ड रसेल या मानसोपचारतज्ज्ञांनी १९७९ मध्ये त्याचं पहिल्यांदा नीट वर्णन केलं. राजकन्या डायनाने १९९५ मध्ये बीबीसीच्या मुलाखतीत स्वतःबद्दल हेच सांगितलं, आपल्याकडे अभिनेत्री रिचा चढ्ढाही उघड बोलली. राजवाड्यात होतो, तर सांगलीत विश्रामबागेतल्या खोलीवर का नाही होणार?

“ताई, माझा स्वतःवर कंट्रोलच नाही,” म्हणतेस. तुझा दिवस बघ जरा. सकाळी नुसता चहा, दुपारी खानावळीचा डबा तसाच परत, संध्याकाळी पोलीस भरतीसाठी ग्राउंडवर धावणं. मग रात्री खोलीत कुणी नसलं की भडंगाचं अख्खं पाकीट, खारी, मी पाठवलेले कंदी पेढे, चवसुद्धा न कळता. मग बाथरूम, आणि मग शपथ, की उद्या काही खाणार नाही. खरी गोम त्या शपथेत आहे. दिवसभर उपाशी ठेवलेलं शरीर रात्री वसुली करणारच, त्याला तू हावरटपणा म्हणतेस. नवरात्रात तर तुझं फावलंच. नऊ दिवस धड जेवली नाहीस, आणि आत्या सगळ्यांना तुझं कौतुक सांगत होती!

तिला कळणार तरी कसं? तू वाळलेली नाहीस. या आजारात बहुतेकींचं वजन साधारणच राहतं, म्हणून घरात पत्ता लागत नाही. उलटीने सगळं खाल्लेलं बाहेर पडतही नाही, आणि जुलाबाच्या गोळ्यांनी जातं ते मुख्यतः पाणी. पण त्याबरोबर पोटॅशियमही जातं, आणि ते फार उतरलं की हृदयाचे ठोके चुकतात. पायात गोळे येतात, छातीत धडधडतं म्हणालीस, मला त्याचीच भीती वाटते. ग्राउंड सध्या बंद. आधी रक्ततपासणी आणि ईसीजी. चक्कर येऊन पडलीस किंवा उलटीत रक्त दिसलं, तर मैत्रिणीला उठवून त्याच रात्री सिव्हिल गाठायचं. काकूने गालगुंड समजून लेप लावला, ती बहुधा याच्यामुळे आलेली लाळग्रंथींची सूज. उलटी झालीच तर लगेच ब्रशही करू नकोस, आम्लाने मऊ पडलेले दात घासले जातात. पाण्याने चूळ भर.

आता डॉक्टर. मिरजेच्या शासकीय मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढून दाखवायचं. कुणी बघितलं तर? अगं, मिरजेला अर्धं कर्नाटक औषधपाण्याला येतं, त्या गर्दीत तुझ्याकडे बघायला कुणाला सवड आहे! शिवाय तू सज्ञान आहेस. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुझी माहिती गुप्त ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. सुट्टीत इकडे आलीस तर साताऱ्यात ‘परिवर्तन’ संस्था आहे, दाभोलकरांची. व्यसनमुक्तीबरोबर मनाच्या आजारांचंही काम करतात. आणि रात्री फारच घालमेल झाली, माझा फोन लागला नाही, तर १४४१६ लाव. सरकारची टेली-मानस सेवा, चोवीस तास, मराठीत बोलतात.

यावर सगळ्यात जास्त पारखलेला उपचार बोलण्याचा आहे, साधारण वीस बैठकांचा. फ्लुओक्सेटिन नावाचं औषधही देतात, ते डॉक्टर ठरवतील. पण पहिलं काम ऐकून तू हसशील. तीन वेळा जेवायचं, मध्ये दोनदा थोडं काही खायचं, तीन-चार तासांच्या वर पोट रिकामं ठेवायचं नाही. आदल्या रात्री कितीही खाल्लेलं असो, सकाळी नाश्ता करायचाच. हे तुला फार जड जाणार, मला माहीत आहे. मध्ये एखादी रात्र पुन्हा तशीच जाईल. गेली तर गेली, नवी शपथ घ्यायची नाही.

आत्याला सांगायचं का, ते तू ठरव. सांगायचं झालं तर मी शेजारी बसेन. आणि लग्नात “डबल झालीस की गं” म्हणणाऱ्या त्या मावश्यांकडे मी बघते.

सोमवारी पहाटेच्या एसटीने निघते, सांगली स्टँडवर भेट. आणि रक्त द्यायचंय म्हणून उपाशी येशील, ओळखते मी तुला. पोटॅशियमच्या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही. पोहे खाऊन ये.