जर्मेनियमच्या जागी काय लावाल?

जुन्या रेडिओतला ट्रान्झिस्टर गेला की लोक आधी त्याचा नंबर शोधायला निघतात. मी आधी पाहतो, तो सर्किटमध्ये कोणतं काम करत होता. नागपूरच्या मनीषनगरात माझ्याकडे येणारे मर्फी, बुश, फिलिप्सचे बहुतेक सेट आधी कुठेतरी उघडलेले असतात आणि मूळ बिघाडापेक्षा नंतर लावलेल्या चुकीच्या ट्रान्झिस्टरनेच त्यांचं जास्त नुकसान केलेलं असतं.

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या ताईंनी वडिलांचा सेट आणला. "दादा, आवाज मोठा केला की बरा वाजतो, बारीक केला की फाटतो." एवढ्यावरूनच अंदाज आला. उघडून पाहिलं तर आउटपुटला एसी 128 ची जर्मेनियम जोडी काढून सिलिकॉनची लावली होती. जर्मेनियम 0.2 व्होल्टच्या आसपास चालू होतो, सिलिकॉनला 0.6 लागतात. बायस जुनाच ठेवला, तर हळू आवाजात दोन्ही ट्रान्झिस्टर बंदच राहतात. सिलिकॉन लावायचाच असेल तर दोन्ही बदला आणि बायसही नव्याने बसवा. जर्मेनियम ठेवायचा असेल तर सारख्या गेनची जोडी हुडका. त्या बोर्डवरचा थर्मिस्टरही कुणीतरी काढून साधा रेझिस्टर लावला होता, आणि ते मला जास्त धोक्याचं वाटलं. जर्मेनियमची गळती दर 10 अंशांना साधारण दुप्पट होते. जानेवारीच्या 20 अंशांना धडधाकट असलेला ट्रान्झिस्टर मेच्या 45 अंशांना पाचपट गळतो, त्याने आणखी तापतो आणि जळून जातो. नागपुरात थर्मिस्टरला हात लावू नका.

बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने 1962 मध्ये जर्मेनियमचे भाग बनवायला सुरुवात केली. तो माल आता बर्डीच्या दुकानात मागून मिळेल असं धरू नका. जुने भंगार बोर्ड जपून ठेवा. त्यावरचा ट्रान्झिस्टर लावण्याआधी तपासायचा, पण मल्टिमीटरचा गेनचा आकडा जर्मेनियमला फसवा असतो, कारण त्यात गळतीही मिसळते. 9 व्होल्टची बॅटरी घ्या, एक किलोओहमचा रेझिस्टर कलेक्टरला सिरीजमध्ये लावा, बेस मोकळा सोडा. पीएनपीचा एमिटर प्लसला. रेझिस्टरवर 0.1 व्होल्ट दिसले तर गळती 100 मायक्रोअँपिअर. सुरुवातीच्या टप्प्यांत अर्ध्या व्होल्टच्या वर गेलेला मी लावत नाही. तपासताना बॉडी बोटात धरू नका. अंगाच्या उष्णतेनेही आकडा चढतो.

नंबरातली अक्षरं कामाची आहेत. युरोपच्या पद्धतीत पहिलं ए म्हणजे जर्मेनियम, बी म्हणजे सिलिकॉन. दुसरं सी म्हणजे लहान ऑडिओचं काम, एफ म्हणजे रेडिओ फ्रिक्वेन्सीचं. आपलं आकाशवाणी नागपूर 585 किलोहर्ट्झवर. सेटची मधली फ्रिक्वेन्सी 455 असेल तर ऑसिलेटरला 1040 किलोहर्ट्झवर चालावं लागतं. तिथे एसी 128 लावून स्टेशनची वाट पाहण्यात अर्थ नाही, तो जेमतेम तेवढ्या फ्रिक्वेन्सीपर्यंतच पोचतो.

एएफ 114 ते 117 हे चार पायांचे ट्रान्झिस्टर मात्र लगेच फेकू नका. त्यांच्या डब्यात आतून कथलाचे बारीक केस उगवतात आणि एखादा पाय डब्याला शॉर्ट होतो. चौथा पाय, म्हणजे शील्डचा, कापला की बरेच सेट पुन्हा बोलू लागतात. हा इलाज कायमचा नाही. पुढे दोन पायांना केस लागले तर एएफ 127 शोधावा लागेल.

पायांचा क्रम प्रत्येक वेळी डेटाशीटवरून पाहा. सपाट बाजू आपल्याकडे धरली तर बीसी 557 मध्ये कलेक्टर, बेस, एमिटर. 2एन3906 मध्ये बरोबर उलटं. दोन्ही पीएनपी, दोन्ही दिसायला एकसारखे. आणि बरेच जुने सेट प्लस अर्थचे असतात, तेव्हा अ‍ॅडॅप्टर जोडण्याआधी बॅटरीची दिशा नीट बघून घ्या. ट्रान्झिस्टरला दोष देण्याआधी सुकलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही बदला. पुष्कळदा काम तिथेच संपतं.

दुरुस्त केलेला सेट ताईंना संध्याकाळी दिला नाही. कूलर बंद करून भर दुपारी दोन तास मोठ्या आवाजात वाजवला, मधूनमधून बॅटरीचा करंट मोजला. तो एका जागी स्थिरावला, तेव्हाच मागचं झाकण लावलं.