भाच्याला चार गोष्टी फ्लेम टेट्राच्या

फ्लेम टेट्रा पाळायचाय म्हणतोस, तर दुकानात तो फिकट दिसला म्हणून मागे फिरू नकोस. पांढऱ्या तळाच्या, झगझगीत उजेडाच्या टाकीत हा बुजरा मासा रंग टाकतो. घरी काळी बारीक वाळू, दाट जावा मॉस आणि वर थोडी तरंगती झाडं दे. मागचं अर्धं अंग लालभडक होतं, कल्ल्यामागचे दोन काळे पट्टे उठून दिसतात. पोट खपाटीला गेलेला किंवा पर मिटून कोपऱ्यात बसलेला मासा मात्र घेऊ नकोस. किमान आठ-दहा एकत्र ठेव, एकटादुकटा झुरतो.

नर-मादी ओळखायला शीक. पोटाखालचा मागचा पर रक्तासारखा लाल तो नर. छातीच्या परांची टोकं काळसर ती मादी.

नळाचं पाणी अँटी-क्लोरीन घातल्याशिवाय टाकीत ओतायचं नाही. देशी बदामाचं गळलेलं वाळकं पान धुऊन टाक. पाण्याला चहाचा रंग येईल, घाबरू नकोस, त्यांना तसंच आवडतं. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदल, सगळं कधीच नाही.

अंडी हवीत तर वेगळी छोटी टाकी, तळाला मॉस, आणि एकच जोडी. अंडी पडली की आईबापांना लगेच काढ, नाहीतर तेच खातात. पिल्लं पोहू लागली की आधी इन्फ्युसोरिया म्हणजे पाण्यातले सूक्ष्मजीव, मग आर्टेमिया या बारीक कोळंबीसारख्या जीवाची पिल्लं खायला दे. इथे घाई करणाऱ्याची सगळी पिल्लं जातात.

एवढी मेहनत घ्यायला सांगतो, कारण हा मासा मूळचा ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरोभोवतीच्या किनारी ओढ्यांचा. मायर्स नावाच्या मत्स्यशास्त्रज्ञाने 1924 साली त्याला शास्त्रीय नाव दिलं. पुढे शहर वाढलं, ओढे घाण झाले, आणि आज ब्राझीलच्या यादीत तो धोक्यात आलेला आहे. दुकानातले पिढ्यान्पिढ्या टाकीत वाढलेले, लाल रंगासाठी निवडलेले. ते ओढ्यातल्यांची जागा घेऊ शकत नाहीत. तरीही दुसऱ्या टेट्रांशी त्यांचा संकर करू नकोस. पिल्लं जास्त झाली तर पाळणाऱ्यांना दे, दुकानदाराला परत कर. नदीत, तळ्यात, विहिरीत एकही सोडू नकोस. दक्षिण अमेरिकेतलाच सकर मासा आज उजनी धरणातल्या कोळ्यांच्या जाळ्यात येतोय, तो टाक्यांमधूनच सुटलेला.