‘सर्व्हर बंद आहे’ : निदान कसे करावे?

शासनाच्या अनेक सेवा आता संगणकाच्या जाळ्यावरून दिल्या जातात. आपले सरकार सेवा केंद्रातून दाखल्यांचे अर्ज भरले जातात, डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा उतारा मिळतो, शाळेतील विद्यार्थ्यांच्या नोंदीही याच मार्गाने वरच्या कार्यालयाकडे जातात. या सोयींबरोबर एक वाक्यही खेडोपाडी जाऊन पोचले आहे. ते म्हणजे, ‘सर्व्हर बंद आहे, उद्या या.’

हे वाक्य ऐकून परत फिरणाऱ्या शेतमजुराचा दिवसाचा रोज बुडतो. एवढ्यावरच ते थांबत नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये सेवा देण्याची कालमर्यादा परिपूर्ण अर्ज दाखल झाल्यापासून मोजली जाते. अर्जच दाखल झाला नाही, तर मुदत सुरूच होत नाही आणि विलंबाची जबाबदारी कोणावरही येत नाही. म्हणून हे वाक्य खरे आहे की नाही हे पाहण्याची रीत अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांना माहीत असणे अगत्याचे आहे. ही रीत अवघड नाही. दोन संगणकांमध्ये निरोपांची जी देवघेव चालते तिचे टप्पे ओळखणे आणि निरोप कोणत्या टप्प्यावर अडला हे शोधणे, एवढेच तिचे स्वरूप आहे.

निरोपाचा प्रवास

केंद्रातील संगणक सेवा मागतो आणि दूरचा सर्व्हर ती पुरवितो. या मागणी-पुरवठ्याचे साधारणपणे चार टप्पे असतात. प्रथम संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधला जातो. हे काम नावांची नोंदवही सांभाळणारे वेगळे संगणक करतात. त्यानंतर दोन्ही संगणकांत जोडणी होते. त्यासाठी तीन छोटे निरोप लागतात : ‘बोलू का?’, ‘बोला, ऐकतो आहे’ आणि ‘ठीक, सुरू करतो.’ तिसऱ्या टप्प्यात सर्व्हर आपले ओळखपत्र दाखवितो व पुढील संभाषण गुप्त लिपीत चालावे असे ठरते. यानंतरच प्रत्यक्ष मागणी जाते आणि उत्तर येते.

हा सर्व मजकूर लहान लहान पुडक्यांत विभागून पाठविला जातो. या पुडक्यांना पॅकेट म्हणतात. वाटेतील राउटर टपाल कार्यालयाप्रमाणे पत्ता पाहून पॅकेट पुढे धाडतात. एखादे पॅकेट गहाळ झाले व पोच आली नाही, तर पाठविणारा संगणक त्याची दुसरी प्रत पाठवितो.

चारशे यार्डांवरील कोंडी

तपासणीवाचून केलेला तर्क किती फसवा ठरू शकतो, याचे एक उदाहरण अमेरिकेत घडले. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि जवळचेच बर्कली येथील विद्यापीठ यांच्यातील संदेशवहन एकाएकी मंदावले. दोन्ही ठिकाणांत अंतर अवघे ४०० यार्ड. एरवी सेकंदाला ३२,००० बिट या वेगाने जाणारी माहिती सेकंदाला ४० बिटांवर आली. सर्व्हर चालू होते आणि ताराही शाबूत होत्या.

प्रयोगशाळेतील व्हॅन जेकबसन यांनी पॅकेटांच्या वर्तनाचा बारकाईने अभ्यास केला. पोच वेळेत येत नाही असे दिसताच प्रत्येक संगणक प्रती पाठवू लागे. त्यामुळे आधीच भरलेल्या वाटेवर आणखी गर्दी होई, पोच अधिकच लांबे आणि पुन्हा नव्या प्रती निघत. उपाय सापडला तो पाठविणाऱ्या संगणकांच्या नियमांत. प्रारंभ सावकाश करावा, पोच येईल तसा वेग वाढवावा आणि पॅकेट गहाळ होताच वेग उतरवावा, हे नियम १९८८ च्या शोधनिबंधात मांडले गेले. आजचे संदेशवहन याच तत्त्वाच्या पायावर उभे आहे.

तपासणीची साधने

या कामाची साधने त्याच दशकात घडली. अमेरिकी लष्कराच्या संशोधन प्रयोगशाळेतील माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये ‘पिंग’ हा छोटा कार्यक्रम लिहिला. तो दूरच्या संगणकाला हाक मारतो आणि प्रतिसाद किती वेळात आला हे सांगतो. पाणबुडीचा शोध घेताना वापरल्या जाणाऱ्या ध्वनियंत्राच्या आवाजावरून त्याला हे नाव मिळाले. ‘ट्रेसराउट’ हा कार्यक्रम वाटेवरील राउटर एकामागून एक दाखवितो. ‘टीसीपीडंप’ संगणकाशी ये-जा करणारी पॅकेटे टिपून ठेवतो. १९९८ मध्ये गेराल्ड कॉम्ब्स यांनी ‘इथेरियल’ हे साधन उपलब्ध केले. टिपलेली पॅकेटे त्यात पडद्यावर सुबोध रीतीने उलगडून पाहता येतात. २००६ पासून ते ‘वायरशार्क’ या नावाने ओळखले जाते व विनामूल्य मिळते.

एक सावधगिरी मात्र हवी. पिंगला उत्तर आले नाही म्हणून सर्व्हर बंद आहे असे समजू नये. सुरक्षिततेसाठी अनेक सर्व्हर अशा हाकेला मुद्दामच उत्तर देत नाहीत.

तपासणीचा क्रम

दोष शोधताना जवळून दूर जावे, हा पहिला नियम. अडचण एकाच संगणकावर आहे की केंद्रातील सर्व संगणकांवर, हे प्रथम पाहावे. दुसरी संकेतस्थळे उघडत असल्यास बाहेरची जोडणी ठीक आहे असे मानता येते. एकही उघडत नसल्यास केंद्रातील राउटर, तार व वीज यांच्याकडे वळावे.

यानंतर संगणकावरील दिनांक तपासावा. सर्व्हरच्या ओळखपत्राला मुदत असते. संगणकातील बटणासारखी छोटी बॅटरी संपली की जुन्या यंत्राचे घड्याळ काही वर्षे मागे जाते आणि योग्य ओळखपत्रही त्याला अग्राह्य वाटते. अशा वेळी सुरक्षित संकेतस्थळे एकापाठोपाठ नाकारली जातात आणि दोष विनाकारण सर्व्हरच्या माथी बसतो. दिनांक दुरुस्त करणे हे काही क्षणांचे काम आहे.

उत्तरातील आकडा

सर्व्हरचे उत्तर येते तेव्हा त्यासोबत तीन अंकी आकडा असतो. बिघाड असल्यास तो बहुधा पडद्यावरही दिसतो. २ ने सुरू होणारा आकडा म्हणजे मागणी मान्य झाली. ३ ने सुरू होणारा आकडा बहुधा दुसऱ्या पत्त्याकडे बोट दाखवितो. ४ ने सुरू होणारा आकडा मागणीत दोष असल्याचे सांगतो : ४०३ म्हणजे परवानगी नाही, ४०४ म्हणजे मागितलेले पान त्या पत्त्यावर नाही आणि ४२९ म्हणजे थोड्या वेळात फार मागण्या आल्या. ५ ने सुरू होणारा आकडा सर्व्हरच्या बाजूचा दोष दर्शवितो : ५०० म्हणजे आतील बिघाड, ५०३ म्हणजे सेवा तूर्त उपलब्ध नाही आणि ५०४ म्हणजे मधल्या सर्व्हरला मागच्या सर्व्हरकडून वेळेत उत्तर मिळाले नाही.

कोणताही आकडा आला, याचा अर्थ पलीकडे कोणीतरी उत्तर देत आहे. ४०३ दिसत असताना अर्जदाराला ‘उद्या या’ म्हणणे निरर्थक होय. परवानगी दिली जाईपर्यंत उद्याही तेच उत्तर येईल.

५०४ च्या बाबतीत विशेष दक्षता घ्यावी. उत्तर परत आले नाही, तरी मागणी आत पोचून काम पूर्ण झालेले असू शकते. बटण पुन्हा पुन्हा दाबल्यास अर्ज दोनदा दाखल होण्याचा किंवा शुल्क दोनदा कापले जाण्याचा संभव असतो. शिवाय सर्वच केंद्रांनी असे केले तर १९८६ सारखी गर्दी सर्व्हरच्या दाराशी उभी राहते. म्हणून आधी अर्जाची स्थिती पाहावी आणि मगच पुन्हा प्रयत्न करावा.

पॅकेटे काय सांगतात?

आकडाही दिसत नसेल, तर तंत्रज्ञ टिपलेली पॅकेटे पाहतो. ‘बोलू का?’ हा निरोप वारंवार गेला आणि उत्तर आलेच नाही, तर वाट तुटली आहे, संरक्षक भिंतीने निरोप अडविला आहे किंवा पलीकडील यंत्र बंद आहे. तात्काळ नकार आला, तर बहुधा यंत्र चालू आहे, पण सेवेचे दार मिटलेले आहे. जोडणी चटकन झाली, मागणीची पोचही लगेच आली आणि प्रत्यक्ष उत्तराला मात्र अर्धा मिनिट लागले, तर वाट चांगली असून सर्व्हरमधील काम रेंगाळत आहे. त्याच पॅकेटाच्या प्रती वरचेवर जात असतील, तर वाटेत गळती आहे. लक्षण एकच असले, तरी दुरुस्ती करणारे हात प्रत्येक वेळी वेगळे असतात.

गोपनीयतेची मर्यादा

निरोप तपासणे म्हणजे दुसऱ्याचे पत्र फोडणे नव्हे. सुरक्षित जोडणीतील मजकूर गुप्त लिपीत असल्याने टिपलेल्या पॅकेटांतून तो सहसा वाचता येत नाही. तथापि कोणता संगणक कोणाशी केव्हा बोलला, हे त्यांतूनही कळते. म्हणून कार्यालयप्रमुखांच्या परवानगीने, आपल्याच जाळ्यावर व आवश्यक तेवढीच तपासणी करावी. परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकातून माहिती काढून घेणे हे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ खाली येते. अप्रामाणिकपणे किंवा कपटाने तसे केल्यास कलम ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. ब्राउझरमधून जतन केलेल्या तपासणीच्या नोंदीत प्रवेशाच्या खुणा व अर्जदाराची माहिती राहू शकते. ती गटसंदेशात कदापि टाकू नये.

तक्रार कशी लिहावी?

‘संकेतस्थळ चालत नाही’ या तक्रारीवरून दुरुस्ती करणाऱ्यास काहीच उमगत नाही. ‘सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी तीन संगणकांवरून अर्ज सादर केला असता ५०४ हा आकडा आला, इतर संकेतस्थळे उघडत होती’ असे लिहिल्यास अर्धे निदान तेथेच झालेले असते. प्रत्येक केंद्रात एक साधी वही असावी. दिनांक, वेळ, पत्ता, आकडा, किती संगणकांवर अडचण आली आणि किती अर्जदार परत गेले, इतक्या नोंदी तीत कराव्यात. ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत ही वही पाहिली गेल्यास दोष केंद्राचा, जोडणीचा की सर्व्हरचा, हे काही महिन्यांत स्पष्ट होईल आणि वरिष्ठ कार्यालयाकडे पाठपुरावा पुराव्यानिशी करता येईल.

सर्व्हर खरोखरच बंद पडतात, हे कोणी नाकारणार नाही. परंतु दाराशी आलेल्या नागरिकाला परत पाठविण्यापूर्वी निरोप कोठे अडला हे पाहणे, हा सेवेचाच भाग आहे. पाच मिनिटांची ही तपासणी त्याचा एक दिवस वाचवू शकते.