तांब्यावरचा उलटा सरदार

राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. लट्टलूर म्हणजेच आपले लातूर, असे अनेक अभ्यासक मानतात. या राजांची दानपत्रे तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली आहेत. पत्रा समोर धरला की अक्षरे सरळ वाचता येतात. पण तांब्यावर कोरलेले चित्र कागदावर छापायचे असेल तर?

मराठवाड्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढलेला आर्थर वेलस्ली १८१४ मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. तेव्हा छायाचित्रे नव्हती. रंगवलेले चित्र एकच, तेही कुणाच्या दिवाणखान्यात! सामान्य लोकांनी या सरदाराचा चेहरा पाहिला तो कोरीव पत्र्यांवरून छापलेल्या चित्रांत.

कोरक गुळगुळीत पत्र्यावर पोलादी कोरणीने बारीक चर पाडी. मग पत्र्याला शाई फासून वरची शाई पुसून टाकीत. चरांतली तेवढी उरे. त्यावर ओलसर कागद ठेवून पत्रा रुळांच्या दाबयंत्रातून काढीत. मऊ झालेला कागद चरांत दबे आणि शाई उचलून घेई. शाई एकच, काळी. मग गालावरची करडी सावली कुठून येई? रेघा दाट व रुंद केल्या की गडद छटा, विरळ व बारीक केल्या की फिकट. दुरून पाहताना रेघा वेगळ्या दिसत नाहीत. काळे-पांढरे मिसळून करडे दिसते.

छापताना डावे-उजवे पालटते. म्हणून पत्र्यावर चित्र उलटे कोरावे लागे. सरळ कोरले, तर डाव्या कमरेची तलवार छापील चित्रात उजव्या कमरेला जाई! जुने चित्र पुरावा म्हणून वापरण्यापूर्वी तलवार आणि कोटाच्या गुंड्या अवश्य तपासा.

करून पाहा : २०१८ पासून चलनात आलेली जांभळट रंगाची शंभराची नोट घ्या. गांधीजींचा चेहरा भिंगातून पाहा, रेघा दिसतील. वर्तमानपत्रातील छायाचित्र पाहा. तेथे ठिपके दिसतील. आता डोळे मिटून नोटेवरून बोट फिरवा. गांधीजींचे चित्र, त्रिकोणी खूण आणि कडेच्या चार तिरप्या रेघा उंचवट्यासारख्या लागतात, कारण कोरीव ठशाच्या खोल चरांतून कागदावर शाईचा जाड थर येतो. दृष्टिहीन माणूस ही नोट याच खुणांवरून ओळखतो. वापरून गुळगुळीत झालेली नोटही तपासा. तिच्यावर या खुणा बोटाला किती लागतात?