आधी त्यांचं ऐकून घे

चंद्रपूर, मार्चअखेर

चि. बाळीस,


तुझं पत्र पोचलं. अकरा वर्षं मलावीच्या मिशन दवाखान्यात काढून परत आलीस आणि आता गडचिरोलीत राहून विद्यापीठातल्या मुलामुलींना हाताशी धरायचं ठरवलंस, हे वाचून डोळे भरून आले. पण एका ओळीपाशी अडले. परदेशातलं मोठं काम संपलं, आता घरचं छोटं काम, असं तू लिहिलंस. तिथे माणूस दुखणं सांगायलाच तुझ्याकडे यायचा. इथे पोरगं दुखणं लपवून समोर बसेल. मला हे जास्त कठीण वाटतं.

तुझ्यासारखीच एक बाई आपलं काम सोडून मायदेशी परतली होती. सिस्टर जेराल्डाईन, इंग्लंडमधल्या वाँटेजच्या सिस्टरांच्या मंडळाची. पुण्यात होती, तब्येत ढासळली म्हणून इंग्लंडला गेली, आणि 1883 साली तिच्या हाती एक विद्यार्थिनी आली. आपल्या पंडिता रमाबाई. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. पुढच्या वर्षी त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या, तिथे शिकल्या आणि संस्कृत शिकवूही लागल्या. जेराल्डाईनला त्या 'आजीबाई' म्हणत. रमाबाईंच्या छोट्या मुलीवर, मनोरमेवर, या आजीबाईंचा फार जीव होता.

आणि तरीही दोघींचं बिनसलं. रमाबाई त्रैक्याबद्दल, ख्रिस्ताच्या देवत्वाबद्दल प्रश्न विचारत. जेराल्डाईनला त्यात गर्व दिसे. अंडं घातलेलं पुडिंग रमाबाई खात नसत. त्यातही तिला जुना जातीचा ताठा दिसे. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली, तर बिशप लोकांनी हरकत घेतली. अखेर रमाबाईंनी तिला स्पष्ट कळवलं की आपल्याकडच्या भटाभिक्षुकांचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलंय, आता दुसरं मानेवर घेणार नाही. जेराल्डाईनची माया खरी होती, पण तिला शिष्या हवी होती ती ऐकणारी. तिथे ती चुकली, असं माझं ठाम मत आहे. एक मात्र तिच्या बाजूने सांगते. तिला बोचणारी ही पत्रंसुद्धा तिनेच जपली, जुळवून ठेवली, म्हणून 1977 साली ती महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाला छापता आली. पुस्तक इंग्रजी आहे, माझ्या कपाटात आहे. आलीस की घेऊन जा.

जेराल्डाईनची चूक मीही केली आहे. शाळेत लागण्याआधी दोन वर्षं मी एका वसतिगृहात होते. एटापल्लीकडची एक माडिया मुलगी होती, हुशार, अबोल. जेवणाआधीच्या प्रार्थनेला ती डोळे उघडे ठेवून बसायची. मी सगळ्यांसमोर तिला टोकलं. दुसऱ्या दिवसापासून ती सगळ्यांचं झाल्यावर, थंड भात घेऊन, भिंतीकडे तोंड करून जेवू लागली. मला ते कळायला महिना लागला. तोवर ती गावी निघून गेली होती, आणि परत आली नाही. बाळे, ज्याचं अन्न आणि निवारा आपल्या हातात आहे त्याला धर्माबद्दल आपण होऊन एक शब्द बोलू नये. त्याने विचारलं तर खरं ते सांग, आणि उत्तर त्याच्यावर सोड. शिष्यवृत्ती अडकली, फी भरायची राहिली, कुणी आजारी पडलं, तर मदत कर आणि विसर. रविवारी ती मुलं देवळात दिसतात का, हे मोजू नकोस.

हिस्लॉपसाहेब मला जवळचे वाटतात ते त्यांच्या ऐकून घेण्यामुळे. 1845 साली ते नागपूरला आले, दुसऱ्या वर्षी शाळा काढली; तीच वाढत 1883 मध्ये त्यांच्या नावाचं कॉलेज झाली. कॉलेजचं नाव सगळे घेतात. मला मात्र त्यांचे कागद मोठे वाटतात. एका परधान गायकाकडून गोंडांच्या लिंगो देवाची कथा त्यांनी गोंडीतच टिपून घेतली होती. मिशनरी असून आधी दुसऱ्याच्या देवाची गोष्ट नीट ऐकली. 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटजवळ पुराच्या पाण्यात ते बुडाले. ते कागद रिचर्ड टेंपलनी 1866 साली छापले.

तूही गोंडी शीक. चिचेवा तू तोंडी शिकलीस, ही शेजारची भाषा तुला जड जाणार नाही. गडचिरोलीचं विद्यापीठ 2011 सालचं. कितीतरी मुलांच्या घरात पदवीपर्यंत पोचलेलं ते पहिलंच माणूस आहे. मराठी त्यांना शाळेत भेटली. वर्गात गप्प बसतात म्हणून मठ्ठ समजू नकोस. मार्च-एप्रिलात मोह पडतो, मे महिन्यात तेंदूपानांची तोडणी लागते. गैरहजर पोरगं पहाटे अंधारात आईबरोबर टोपली घेऊन रानात असतं. एकाला मी पुडा बांधताना पाहिलंय. माझ्याशी बोलत होता, नजर माझ्याकडे, आणि बोटं सत्तर पानं बरोबर मोजून दोरी आवळत होती. अशा मुलाला आकडेमोड येत नाही, असं म्हणायचं कुणी?

शोधग्रामलाही जाऊन ये. डॉ. अभय आणि राणी बंग अमेरिकेत शिकून इथे आले आणि 2006 पासून 'निर्माण' या उपक्रमात तरुणांबरोबर बसताहेत. त्यांची वाट आपल्या चर्चची नाही, पण तरुणांना प्रश्न कसे विचारावेत हे तिथे शिकण्यासारखं आहे.

मलावीची आठवण येईल, रात्री जास्त येईल. येऊ दे. मुलांना तिथल्या गोष्टी सांग, मक्याचं न्सिमा कसं घाटतात ते करून दाखव. उपदेशापेक्षा ते त्यांना आवडेल.

तुझ्या खोलीसाठी दोन जास्तीच्या खुर्च्या, एक सतरंजी आणि माझं मोठं पातेलं बांधून ठेवलंय. मंगळवारच्या गाडीने पाठवते. स्टँडवर उतरवून घे.

तुझी,
मावशी